मनोऱ्यांचे पाय तपासा!

१९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली, तेव्हापासून आजच्या रायगड जिल्ह्याच्या डोक्यावरून राजधानीचा प्रकाश वाहत आहे. पनवेलच्या खाजणांवरून आणि तळोज्याच्या कारखान्यांजवळून उच्च दाबाच्या तारा धावतात. त्या पेलणारे मनोरे कशाचे असावेत, हा प्रश्न इंजिनियरांइतकाच ज्याच्या शेतात मनोरा उभा आहे त्याचाही आहे.

लाकूड कुजते, त्यास वाळवी लागते. सिमेंटचा खांब लहान वाहिनीस ठीक. परंतु त्यास तडा गेला की खारे पाणी आतल्या सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि सिमेंटच फोडून टाकते. ॲल्युमिनियम हलके व टिकाऊ खरे, पण महाग, आणि पोलादाइतके ताठ नाही. म्हणून थोर वाहिन्यांसाठी पोलादाचे जाळीदार मनोरेच रूढ झाले. भारतीय मानक ८०२ आहे ते त्यांच्यासाठीच. ही निवड आम्हांस योग्य वाटते.

पण पोलाद म्हटले की काम संपले काय? स्वतःच्याच गंजाचा घट्ट थर धरून पुढील गंज थोपविणारे एक पोलाद मिळते. खाऱ्या, दमट हवेत तो थर नीट बसत नाही. येथे भरवसा जस्ताच्या मुलाम्याचाच. जस्त आधी आपण झिजते आणि पोलादास वाचविते. तो मुलामा किती जाड, यावर मनोऱ्याचे आयुष्य अवलंबून असते. दुर्दैव असे की ही जाडी डोळ्यांस दिसत नाही. निविदेतील सर्वांत कमी आकडा मात्र सर्वांना दिसतो!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब हजारोंनी कोसळले, गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ते सारे गंजामुळेच पडले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गंज वादळाच्या दिवशी लागत नसतो. तो आधीच लागलेला असतो, वादळ केवळ त्याचा पंचनामा करते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. खाडीलगतच्या मनोऱ्यांसाठी जस्ताचा मुलामा अधिक जाड ठरवावा व तो मोजूनच माल ताब्यात घ्यावा. जमिनीलगतचा पाय, जेथे पाणी साचते व चिखल चिकटून राहतो, दर पावसाळ्यानंतर तपासावा आणि तपासणीचा अहवाल लोकांपुढे ठेवावा. यास खर्च लागेल, हे आम्ही जाणतो. पण आज मुलाम्यात वाचविलेला पैसा उद्या पनवेलकरांस अंधारात बसून व्याजासह फेडावा लागेल, हे निविदा उघडणाऱ्यांनी विसरू नये.