टेलिफोनवरील सौजन्य आणि आपले इंग्रजी

आमच्या पेठेत आजही अशी कितीतरी दुकाने आहेत, की जेथे फोनची घंटा वाजली आणि अनोळखी, परप्रांतीय क्रमांक दिसला, म्हणजे मालकांना हातातील काम अकस्मात फार महत्त्वाचे वाटू लागते आणि ते मुलाला हाक मारतात. मुलगा बाहेर गेलेला असला, तर घंटा वाजून वाजून आपोआप थांबते. ज्या गृहस्थाने मूठभर मिरची तळहातावर घेऊन तिच्या रंगावरून आणि देठावरून मालाची प्रत सांगावी, ज्याच्या शब्दावर लाखोंचा माल एका रात्रीत गाडीत भरला जावा, तोच गृहस्थ एका इंग्रजी वाक्याच्या भयाने आपल्याच गादीवर अपराध्यासारखा बसतो, हे दृश्य आम्हांस नेहमीच क्लेशदायक वाटत आले आहे. या स्मरणिकेत करपद्धती, वाहतूक, बाजार समितीचे नियम यांवर अभ्यासपूर्ण लेख येतात आणि ते यावेतही. तथापि यंदा एका दिसण्यास क्षुल्लक अशा विषयाकडे आम्ही व्यापारी बंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

‘आपल्याला इंग्रजी हवेच कशाला?’ असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी करतील. तो अगदीच गैर नाही. कोल्हापूर-सांगलीशी आपण मराठीत बोलतो, हुबळी-ब्याडगीशी कन्नडमध्ये, इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीने भागते. सीमाभागातल्या माणसाला दोन-तीन भाषा पाळण्यातच मिळतात, त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आपला माल आता कोचीला जातो, चेन्नईला जातो, दुबईला जातो. आणि तेथील खरेदीदाराला आपली मराठी येत नाही, आपल्याला त्याची मल्याळम किंवा तमिळ येत नाही. तेव्हा दोघेही नाइलाजाने एका तिसऱ्याच भाषेच्या ओट्यावर येऊन बसतात. हा ओटा आपल्या मालकीचा नाही, तसा त्याच्याही मालकीचा नाही. हे शेवटचे वाक्य लिहिण्यास आम्हांस एक तोटा सोसावा लागला. ती हकीकत सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीवर केरळकडील एका मसाल्याच्या कारखान्यातून फोन आला. आमचा पुतण्या नुकताच बी. कॉम. होऊन गादीवर बसू लागला होता. त्याने फोन घेतला. पलीकडील खरेदी-अधिकारी सांगत होता : मिरची इतक्या भावाने, पन्नास क्विंटल, पोती नवी, आठ दिवसांत पोच, गाडीभाडे तुमचे. पुतण्या प्रत्येक वाक्याला ‘येस, येस’ म्हणत होता. मराठीत आपण समोरच्याचे बोलणे ऐकताना ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ असे हुंकार देतो. न दिले तर पलीकडचा ‘ऐकताय ना?’ म्हणून विचारतो. पुतण्याने त्या हुंकाराचे प्रामाणिकपणे भाषांतर केले, एवढेच. शेवटी ‘ओके, थँक यू’ म्हणून त्याने फोन ठेवला आणि भाव चिठ्ठीवर लिहून आम्हांस दाखवावयास आणला. संध्याकाळी कारखान्याचा लेखी निरोप आला : ‘आज सकाळी फोनवर ठरल्याप्रमाणे माल पाठवावा.’

आमचे ज्येष्ठ बंधू, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, त्यांनी पुतण्याला जवळ बसवले.

‘बाळ, तू हो म्हणालास का?’

‘अण्णा, मी फक्त ऐकत होतो. ते हो म्हणजे तसलं हो नव्हतं.’

‘पण तोंडून गेलं का?’

‘गेलं.’

‘मग तसलं की असलं, हे त्या माणसाला कोण सांगणार? माल भरा.’

माल भरला. त्या सौद्यात नफा तर राहिला नाहीच, गाडीभाड्याने पदरचेही गेले. आम्ही त्या वेळी अण्णांशी वाद घातला होता, कारण हुंकाराला शब्द मानणे आम्हांस अन्यायाचे वाटत होते. आज वाटते, त्यांचे म्हणणे बरोबर होते. व्यापारात शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात नसतो, ऐकणाऱ्याच्या कानात असतो. पुढे दोन वर्षांनी कोचीला जाण्याचा योग आला, तेव्हा त्या अधिकाऱ्याची गाठ पडली. अत्यंत सरळ मनुष्य. तो म्हणाला, ‘तुमचा मुलगा एवढ्या झटकन कबूल झाला याचे मलाही नवल वाटले होते. पण पुन्हा विचारावे कसे, तेच मला इंग्रजीत सुचले नाही.’ म्हणजे तारेच्या दोन्ही टोकांना दोन भ्यालेली माणसे होती आणि मधल्यामध्ये पन्नास क्विंटल मिरची गेली.

आमचा मुद्दा असा, की नवशिक्याने फोनवरचे इंग्रजी शिकताना प्रथम व्याकरण नव्हे, तर हे हुंकार शिकावेत. ऐकत आहोत एवढेच सांगावयाचे असेल, तर ‘येस’ ऐवजी ‘आय सी’ म्हणावे, किंवा ‘आय अ‍ॅम नोटिंग इट डाउन’, म्हणजे ‘मी लिहून घेत आहे’. आणि फोन ठेवण्यापूर्वी : ‘आय हॅव नोटेड युवर रेट. आय विल कन्फर्म बाय फाइव्ह ओक्लॉक.’ भाव लिहून घेतला, पाच वाजेपर्यंत पक्के कळवतो. ही दोन वाक्ये त्या सकाळी पुतण्याच्या जवळ असती, तर काय झाले असते, हे आम्ही येथे पुन्हा सांगत नाही.

आता सौजन्याविषयी. आपले लोक उद्धट नाहीत. परंतु इंग्रजीत बोलू लागले की उद्धट वाटतात, आणि त्याचे कारण आपल्या मराठीतच आहे. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. ‘थांब’ आणि ‘थांबा’ यांत एका कान्याचा फरक, पण त्या कान्यात सारा मान आला. ‘द्या’, ‘सांगा’, ‘बसा’ म्हटले की आणखी काही जोडण्याची गरज नाही. इंग्रजांनी आपला ‘तू’ केव्हाच टाकून दिला आणि राजापासून रंकापर्यंत सर्वांना एकच ‘यू’ लावला. त्यामुळे त्यांच्या क्रियापदाला मान दाखविण्याची सोयच उरली नाही. आपण ‘थांबा’ या अर्थाने ‘वेट’ म्हणतो, ‘बोला’ या अर्थाने ‘टेल’ म्हणतो, ‘कोण बोलतंय?’ या अर्थाने ‘हू आर यू?’ म्हणतो. आपल्या मनात कान्यासकट शब्द असतो. पलीकडे पोचताना कान्हा गळतो आणि नुसते ‘थांब’, ‘बोल’, ‘कोण रे तू?’ उरते.

तो गळलेला कान्हा इंग्रजीत अन्यत्र ठेवलेला असतो : ‘कुड’, ‘वुड’, ‘मे’ आणि ‘प्लीज’ या चार शब्दांत. ‘मे आय नो हू इज कॉलिंग, प्लीज?’ ‘कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोली?’ ‘आय वुड लाइक टू स्पीक टू द पर्चेस मॅनेजर.’ यांत आपल्याला परके असे काही नाही. आपणही ‘सांगा’ पेक्षा मृदू बोलायचे झाले, तर ‘जरा सांगाल का?’ म्हणतोच, आज्ञेचा प्रश्न करणे ही युक्ती दोन्ही भाषांत एकच आहे. एवढे ध्यानात आले, की नवशिक्याचे निम्मे भय जाते. (टेलिफोनवरचे पहिले वाक्य मात्र या कसोटीला उतरत नाही. १० मार्च १८७६ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी आपल्या सहायकाला यंत्रातून सांगितले ते इतकेच, की मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हांला भेटायचे आहे. त्यात ‘प्लीज’ नाही. ‘हॅलो’ हा शब्दही बेल यांचा नव्हे. त्यांना नावाड्यांची ‘अहॉय’ ही हाळी पसंत होती, आणि ‘हॅलो’चा पुरस्कार १८७७ मध्ये एडिसन यांनी केला.)

उलट दिशेचा दोषही सांगितला पाहिजे. काही मंडळी सौजन्य म्हणजे ‘सर’ समजतात आणि दर तिसऱ्या शब्दाला ‘सर’ लावतात. आरंभी एकदा आणि निरोप घेताना एकदा, एवढे पुरे. ज्याने दहा वेळा ‘सर’ म्हटले, त्याला अकराव्या वाक्यात भाव वाढवून मागणे जड जाते, हा आमचा अनुभव आहे. ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ या वाक्याला शहरी लोक हसतात. आम्ही हसणार नाही. आपले ‘शुभनाम’ कोणी इंग्रजीत नेले, तर त्यात कोणाचे नुकसान नाही.

नुकसान होते ते नकार देताना. आपली भाषा नकाराला फार भिते. दुकान बंद केले असे आपण म्हणत नाही, दुकान ‘वाढवले’ म्हणतो. भाव पटला नाही तर ‘बघू’ म्हणतो, आणि समोरचा मराठी माणूस त्या ‘बघू’चा अर्थ बरोबर ओळखतो. हेच ‘वुई विल सी’ होऊन कोचीला किंवा दुबईला गेले, की तेथील मनुष्य खरोखरच वाट पाहत बसतो, दोन दिवसांनी पुन्हा फोन करतो, आणि आपण तो उचलत नाही. याहून मोठे असौजन्य कोणते? ‘आय अ‍ॅम सॉरी, वुई कॅनॉट डू इट अ‍ॅट दॅट रेट’ हे वाक्य पाठ असलेले बरे. स्पष्ट आहे, आणि त्यात कोणाचा अपमान नाही.

आकड्यांचा विषय निराळाच आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हे दोन शब्द तारेवर जुळ्या भावांसारखे ऐकू येतात; म्हणून आकडा सांगून झाला की अंक सुटे करून पुन्हा म्हणावेत : ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’. परदेशी खरेदीदाराला लाख-कोटी कळत नाहीत. दोन लाख म्हणजे ‘टू हंड्रेड थाउजंड’ आणि दहा लाख म्हणजे एक मिलियन. बँकेचा आय.एफ.एस.सी. सांकेतांक अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे स्थान नेहमी शून्याचे. इंग्रज लोक शून्याला बोलण्यात ‘ओ’ म्हणतात, त्यामुळे लिहून घेणारा तेथे हटकून अक्षर लिहितो आणि पैसे अडकतात. तेथे ‘झीरो’च म्हणावे. बी, डी, पी, टी ही अक्षरेही तशीच फसवी. १९५६ साली वैमानिकांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी आंतरराष्ट्रीय उच्चारमाला लागू झाली, ती याच अडचणीमुळे. आपण आपली ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ म्हणालो तरी काम होते. बॉम्बेची मुंबई १९९५ साली झाली, परंतु फोनवर ती अजून बॉम्बेच राहिली आहे, हा गमतीचा भाग.

जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. एक शब्द न बोलता सौदा होई. पुढे ट्रंक कॉल आले, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग; तास-तास वाट पाहून मिळालेली तीन मिनिटे माणसे जपून वापरीत. लखनौ-कानपूर दरम्यान १९६० साली थेट डायलिंग सुरू झाले, आणि जुलै २०१३ मध्ये तारसेवाही बंद झाली. आता सौदा केवळ आवाजावर आणि त्यामागून येणाऱ्या लेखी निरोपावर चालतो. आपले सौजन्य पूर्वापार हातात आणि डोळ्यांत राहिले आहे : उठून नमस्कार करणे, गादीवर जागा देणे, पोराला चहा सांगणे. फोनवर यांतले काहीच पोचत नाही. म्हणून आवाजाला ही सारी कामे शिकवावी लागतात, आणि ते शिकणे नोकराने वा मुलाने करावे, मालकाला गरज नाही, हे मत आम्हांस मान्य नाही.

तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजीची हमी देणाऱ्या शिकवण्यांवर आमचा विश्वास नाही. पेढीवरच्या माणसाला अस्खलित व्हावयाचे नाही, त्याला पंचवीस-तीस वाक्ये न अडखळता म्हणावयाची आहेत. संघाने आपल्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी द्यावी, अशी आमची सूचना आहे. शिकणाऱ्यांना समोरासमोर बसवू नये. पाठीला पाठ लावून बसवावे, म्हणजे चेहरा दिसणार नाही आणि फोनची खरी अडचण समजेल. मालक, मुनीम, हमालीचा हिशेब ठेवणारा मुलगा, घरच्या सुना-मुली, सर्वांनी एकाच सतरंजीवर बसावे. चुकल्यास कोणी हसू नये, हा एकच नियम.

आमच्या पेढीवर फोनशेजारी एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर पुतण्याने सात वाक्ये देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. ती त्याने स्वतःसाठी लिहिली नाहीत. अण्णांनी लिहून मागितली. गेल्या मार्गशीर्षात दुपारी पेढीवर कोणी नसताना कोचीचा फोन आला. अण्णांनी चष्मा लावला, पुठ्ठा जवळ ओढला, आणि तिसऱ्या क्रमांकाचे वाक्य सावकाश वाचून दाखवले. पलीकडून उत्तर आले, ‘थँक यू, सर. आय विल वेट.’ आम्ही परतलो तेव्हा अण्णांनी भाव चिठ्ठीवर लिहून ठेवला होता आणि खाली मराठीत टीप होती : ‘पक्के केलेले नाही. पाच वाजता कळवणे.’