'फॅमिन' बरतर्फ, 'स्कॅर्सिटी' बहाल

'फॅमिन' आणि 'स्कॅर्सिटी' या दोन इंग्रजी नामांपैकी पहिल्याने अन्नाभावी होणारा जनसंहार सूचित होतो व दुसऱ्याने नुसती टंचाई, सबब ज्या राज्यात माणसे भुकेने मरत नाहीत तेथील कायद्यात पहिला शब्द बाळगण्याचे प्रयोजन नाही, असा युक्तिवाद करणाऱ्यांच्या पाठीशी महाराष्ट्राचा १९६३ चा अधिनियम उभा आहे. त्याने राज्यातील कायद्यांतून 'फॅमिन' बरतर्फ करून तेथे 'स्कॅर्सिटी'ची नेमणूक केली. शासन शेतीवर अखंड नजर ठेवून वेळीच मदत देते, म्हणून दुर्भिक्षास वावच उरला नाही, अशी ग्वाही त्याच्या उद्देशिकेतच आहे. (साक्षीदार अर्थात शासन स्वतःच!)

अर्थभेद मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. १८८० च्या फॅमिन कमिशननंतर सिद्ध झालेल्या संहितांतही हे शब्द भिन्नच होते, परंतु एकाच शिडीच्या पायऱ्या म्हणून. भाव चढू लागले, मजुरीसाठी लोक गाव सोडू लागले, की अंमलदाराने हालचाल करावी, प्रेतांच्या मोजदादीपर्यंत थांबू नये, हा त्यांचा रोख होता. वरची पायरी काढून घेतली म्हणून संकट तिथवर चढत नाही असे थोडेच आहे?

अधिनियमास दहा वर्षे होतात न होतात तोच, त्या वेळी लातूर पोटात असलेला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, जिल्हा १९७२-७३ मध्ये होरपळला. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रेशनचा मिलो आणि सुकडी यांवर माणसे जगली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लक्ष मजूर अशा कामांवर होते. मोठा संहार टळला, याचे श्रेय शासनास दिलेच पाहिजे. परंतु तो टळला कामांमुळे, आणि कामासाठी व पुऱ्या मजुरीसाठी लोकांना मोर्चे काढावे लागले. काम मागणाऱ्याचा हक्क कायद्यात उतरला तो १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने. टंचाई धान्याची वा पाण्याची असते, दुर्भिक्ष माणसावर येते. बैलजोडी कवडीमोलाने बाजारात निघते त्या दिवशीच ते आलेले असते, आणि ज्याला नाव आहे त्याचाच जाब सरकारदरबारी मागता येतो. या जिल्ह्यातील वृद्ध आपले वय 'बहात्तरच्या दुष्काळा'वरून सांगतात. 'बहात्तरची टंचाई' कोणी म्हणत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये धाराशिव, लोहारा व वाशी तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि लगोलग राज्यातील हजारावर महसूल मंडळांच्या वाट्यास 'दुष्काळसदृश' हे विशेषण आले. हे 'सदृश' कोणत्या इंग्रजी नामात बसते, ते प्रतिपक्षानेच सांगावे.