साठांचे आठ कोठें झाले?

टेलिफोनवर बोलतांना एखादा शब्द नीट ऐकूं आला नाहीं, तर ‘काय म्हणालांत?’ एवढें विचारून आपलें काम भागतें. निरोप ठेवून घेणाऱ्या यंत्राला, म्हणजे कचेऱ्यांतून ज्याला ‘व्हॉइसमेल’ म्हणतात त्याला, असें विचारण्याची सोय नाहीं. बोलणारा रात्रीं बोलून गेलेला असतो, ऐकणारा सकाळीं ऐकतो. मधल्या वाटेंत आवाजाचें जें नुकसान झालें असेल तें ऐकणाऱ्याच्या पदरांत पडतें. संभाषणांत सहज खपून जाणारा दोष निरोपांत मात्र चांगलाच भोंवतो. आमच्या वाचक-कुटुंबांतील मुलगे, मुली व सुना अशाच कचेऱ्यांतून कामें करीत असल्यामुळें या महिन्यास हा विषय घेतला आहे.

कोल्हापुराहून बंगळूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे कागलजवळ कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. नांव ऐकून एखाद्या बड्या हॉटेलाची आठवण व्हावी. परंतु आंत आहेत त्या कापडाच्या गिरण्या, यंत्रांचे कारखाने आणि ओतकामाच्या भट्ट्या. आमच्या परिचयाच्या एका घरांतील सूनबाई येथल्या एका कारखान्याच्या कचेरींत मागण्यांची नोंद ठेवतात. एका गिऱ्हाइकानें रात्रीं निरोप ठेवला. बाईंनीं तो सकाळीं ऐकून ‘आठ नग’ असें लिहिलें, आणि आठ नग रवाना झाले. गिऱ्हाइकानें साठ मागितले होते! वरिष्ठांनीं बाईंच्या कानाला दोष दिला. ‘लक्ष घरीं असतें’ हें नेहमींचें वाक्यहि त्यापाठोपाठ आलें. सुदैवानें निरोप यंत्रांत शिल्लक होता. आम्हीं तो तीन वेळां ऐकला, आणि तिन्ही वेळां आम्हांसहि ‘आठ’च ऐकूं आलें.

‘साठ’ आणि ‘आठ’ यांत अंतर एका ‘स’चें. हा ‘स’ म्हणजे दांतांमधून सुटणारी नुसती फुंकर. त्यांत कंठाचा नाद मुळींच नसतो. त्याचें बहुतेक बळ सेकंदास ४,००० कंपनांच्या पलीकडे असतें, आणि साधा टेलिफोन नेतो तो आवाज सुमारें ३०० पासून ३,४०० कंपनांपर्यंतचा. म्हणजे ‘स’ तारेंत शिरतो तोच अर्धमेला होऊन. तरी एरव्हीं आपण तो ओळखतों, कारण मागचेंपुढचें वाक्य मदतीस येतें. ‘साठ वर्षांचे गृहस्थ पेन्शनीत निघाले’ यांत कोणी आठ ऐकणार नाहीं. ‘नग’ या शब्दामागें मात्र आठहि शोभतात आणि साठहि.

असा दोष निघाला कीं बहुतेक कचेऱ्यांत पहिला विचार नवें यंत्र घेण्याचा होतो. आमच्या मतें तो शेवटचा असावा. आवाज तोंडापासून कानापर्यंत पांच-सहा हातांतून जातो, आणि कोणत्या हातांत तो बिघडतो हें एक पैहि न खर्चतां पाहतां येतें. तोच निरोप दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकावा. तेथें स्वच्छ असला तर दोष पहिल्या रिसीव्हरचा किंवा त्याच्या दोरीचा. मग कचेरींतल्याच दुसऱ्या टेबलावरून निरोप ठेवून पाहावा. तो चांगला उतरला तर दोष बाहेरच्या वाटेवर असण्याचा संभव अधिक. ज्याचा निरोप खराब आला त्याच्याशींच प्रत्यक्ष बोलून पाहावें. बोलणें स्वच्छ आणि निरोप तेवढा वाईट, असें आढळल्यास सांठवणुकीकडे वळावें. दर वेळीं वाक्य एकच असावें आणि त्यांत आंकडे असावेत. ‘हॅलो, हॅलो, ऐकूं येतें का?’ या वाक्यानें कोणताहि दोष सांपडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

खराबीची जातहि कानानें ओळखावी. सतत ‘घूं’ असा नाद असेल तर तो बहुधा विजेचा. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची. तिच्या जाड केबलींना लागूनच टेलिफोनची तार नेली असली, किंवा भूमिजोड नीट नसली, तर तो नाद तारेंत उतरतो. ओतकामाच्या कारखान्यांत विजेच्या प्रवर्तन-भट्ट्या असल्यामुळें ही पीडा विशेष. भट्टी बंद असेल त्या दिवशीं निरोप ठेवून पाहिला म्हणजे निकाल लागतो. आवाज तुटक येत असेल तर प्रकार निराळा. संगणकाच्या जाळ्यांतून जाणाऱ्या आवाजाचे सामान्यतः सेकंदास ५० तुकडे होतात. त्याच तारेंतून कॅमेऱ्यांचीं चित्रें आणि मोठाल्या फाइली धांवत असल्या तर कांहीं तुकडे वाटेंत गळतात. तेथें आवाजास प्रथम वाट द्यावी, अशी सूचना जाळ्यास देतां येते. आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटला, तर त्याला फार दाबून सांठविलें आहे असें समजावें. सेकंदास ६४,००० बिटांचा आवाज ८,००० बिटांत बसविण्याची युक्ति जागा महाग होती तेव्हां शहाणपणाची होती. आज तासभराचे निरोप न दाबतां ठेवले तरी सुमारें २९ एमबी लागतात. एवढ्यासाठीं काटकसर कोण करील?

डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेन यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर चुंबकाच्या योगें आवाज उतरविला, तेव्हां टेलिफोनचे निरोप टिपणें हाच त्याचा एक हेतु होता. त्या बिचाऱ्या तारेला निवड ठाऊक नव्हती. आलें तें तिनें धरलें. आजचें यंत्र मात्र काय ठेवावें आणि काय टाकावें हें स्वतःच ठरवितें, आणि कागलच्या त्या निरोपाचें गूढ येथेंच उकललें. नाद नव्हता, तुटकपणा नव्हता. बाहेरची लाइन कारखान्याच्या यंत्रास जोडणाऱ्या पेटींत शांतता गाळण्याची सोय चालू होती. कोणी बोलत नसलें कीं ती वाट मिटते, आणि पुरेसा मोठा आवाज आला कीं उघडते. गिऱ्हाईक चिठ्ठी पाहण्यासाठीं क्षणभर थांबलें, वाट मिटली. मग ‘साठ’ म्हटलें. ‘स’च्या फुंकरीनें दार उघडलें नाहीं, ‘आ’ आला तेव्हां उघडलें. सोय बंद करून त्याच गिऱ्हाइकाकडून तेंच वाक्य, तसेंच थांबून, पुन्हां बोलवून घेतलें. या खेपेस ‘साठ’ आलें. ‘स’ क्षीणच होता, पण होता.

दोन्ही निरोप वरिष्ठांस एकापाठोपाठ ऐकविण्यांत आले. बाईंच्या नांवावर टाकलेली नुकसानीची रक्कम त्यांनीं त्याच दिवशीं काढून टाकली. लक्षाविषयींचे शब्द मात्र परत घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

पेटी सुधारली तरी ३,४०० कंपनांची मर्यादा साध्या लाइनवर राहणारच. तेव्हां सात, आठ, साठ यांसारखे आंकडे निरोपांत सुटे करून सांगावेत. बाईंनीं यंत्राच्या आरंभीचें स्वागताचें वाक्य आतां आपल्या आवाजांत नवें भरलें आहे. संख्या सांगतांना ‘साठ, म्हणजे सहावर शून्य’ अशी दोनदां सांगावी, अशी त्यांत विनंती आहे. आणि गिऱ्हाइकें ती बहुधा पाळतात.