धर्म बदलला, जमात नाही

धुळे जिल्ह्यातला साक्री विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. पिंपळनेर मागे टाकून पश्चिमेच्या डोंगराकडे निघाले की कोकणा, भिल्ल, मावची यांचे पाडे लागतात, आणि त्यांतली काही घरे आता ख्रिस्ती आहेत. अशा घरांना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळा, ही ‘डीलिस्टिंग’ची मागणी नवी नाही, १९६० च्या दशकात खासदार कार्तिक उरांव यांनी ती लावून धरली होती. गेल्या काही वर्षांत तिने पुन्हा जोर धरला आहे. ती चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी कायद्याचा आधार पुरेसा आहेच. पण धर्म घेतला म्हणजे जमात सोडावी लागते का, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतच उपस्थित झाला होता, आणि तोही केल्ट लोकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलखात. म्हणून तिथून सुरुवात केलेली बरी.

इ.स.पू. २७८ च्या सुमारास केल्ट टोळ्या युरोपातून आजच्या तुर्कस्तानात उतरल्या आणि अंकाराच्या आसपास स्थिरावल्या. त्या मुलखाला गलतिया नाव पडले. प्रेषित पौलाने तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेले पत्र बायबलमध्ये आहे. ते उत्तरेकडच्या अस्सल केल्टांना लिहिले की दक्षिणेकडच्या मिश्र वस्तीला, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण पत्रातला तंटा स्वच्छ आहे. येशूला मानणाऱ्या परराष्ट्रीयाने, म्हणजे यहुदी नसलेल्याने, सुंता करून आधी यहुदी व्हावे का? पौल अंत्युखियातला एक प्रसंग सांगतो. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली तसा तो भिऊन पंगतीतून उठू लागला. पौलाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरले. विश्वासासाठी दुसऱ्याच्या जातकुळीत शिरण्याची अट नाही, हा त्याचा निकाल होता आणि पुढे चर्चने तोच मान्य केला. यावर कोणी म्हणेल, याच पत्रात ख्रिस्तात यहुदी-ग्रीक भेद उरत नाही असे लिहिले आहे, म्हणजे ओळख पुसलीच की. पण त्याच ओळीत स्त्री-पुरुष भेदही उरत नाही असे आहे, म्हणून बाप्तिस्म्यानंतर कोणी स्त्री वा पुरुष राहत नाही असे कोणी मानले नाही. देवापुढची प्रतवारी मोडणे वेगळे आणि माणसाचे कूळ मोडणे वेगळे.

इतिहासानेही हेच दाखवले. पौलानंतर तीनशे वर्षांनी संत जेरोमने नोंदवले की गलतियातले लोक ग्रीक बोलतातच, शिवाय त्यांची स्वतःची बोली जर्मनीतल्या ट्रियरकडच्या बोलीसारखी आहे. पुढे ती बोली लोपली, पण तीन शतकांच्या ख्रिस्ती प्रसाराने ती संपली नव्हती. आयर्लंडची गोष्ट याहून बोलकी आहे. पाचव्या शतकात पॅट्रिकने तिथे धर्म पसरवला, आणि बाराव्या शतकाच्या सुमारास तिथल्याच ख्रिस्ती मठवासीयांनी ख्रिस्तपूर्व वीरांच्या कथा आपल्या भाषेत लिहून ठेवल्या. त्यांनी हे काम केले नसते तर त्या कथा आज आपल्यापर्यंत आल्या नसत्या. ‘केल्टिक ख्रिस्ती धर्म’ ही अलीकडची भावुक कल्पना आहे, हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. आयरिश लोक तेव्हा स्वतःला केल्ट म्हणवत नव्हते आणि रोमपासून तुटलेले वेगळे चर्चही तिथे नव्हते. ६६४ साली इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या धर्मसभेत भांडण झाले ते ईस्टरची तारीख आणि मुंडणाची पद्धत यांवरून. पण माझा मुद्दा वेगळ्या चर्चचा नाहीच. एकच धर्म मानूनही ते आयरिशच राहिले, एवढाच आहे. आपल्याकडे वसईतले सामवेदी ख्रिस्ती पाहा. पोर्तुगीज काळात धर्म बदलला, पण कादोडी बोली आजही त्यांच्या घरात आहे.

आता दुहेरी लाभाचा आक्षेप. ख्रिस्ती माणूस अल्पसंख्याकांच्या सवलती घेतो आणि आदिवासींच्याही, असे म्हटले जाते. पण जमातीचे आरक्षण श्रद्धेसाठी दिलेलेच नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात ती नाही. प्रार्थनेला जाऊ लागल्याने कोकण्याची बरड जमीन बागायती होत नाही, वनहक्काचा दावा आपोआप निकाली निघत नाही, ऊसतोडीची उचल फिटत नाही. ज्या वंचनेसाठी हक्क दिला ती जागच्या जागी आहे.

मात्र दुसऱ्या एका आक्षेपात तथ्य आहे, आणि तो चर्चने मनावर घ्यावा. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव भरतो. माऊल्या पावरीच्या सुरावर फेर धरून रात्र जागवतात, गावोगाव फिरतात. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांतून घडलेले ते वाद्य. अनेक मंडळ्यांत बाप्तिस्मा घेतलेल्याला हे सगळे वर्ज्य ठरते. देवाची पूजा तर नाहीच, पण वाद्य, फेर, धान्यदेवता कणसरीची गाणीही नाहीत. पूजा नाकारण्याचा हक्क त्यांचा आहे. वाद्य आणि गाणी नाकारणे म्हणजे मात्र पौलाने हाणून पाडलेली सुंतेची अटच नव्या रूपात लादणे. शिवाय त्यात धोका आहे. केरळमधल्या एका ख्रिस्ती आदिवासी कुटुंबाच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ धर्मांतराने जमात जात नाही. ती व्यक्ती जमातीच्या चालीरीती पाळते का, हे मात्र पुराव्यावरून तपासावे लागेल. पावरी बंद करणारा पाळक आपल्याच माणसांचा हा पुरावा नष्ट करतो आहे. साक्री-नवापूरच्या मंडळ्यांनी येत्या नाताळला भजने कोकणा आणि मावची बोलींत, पावरीच्या साथीने म्हणावीत. आणि डीलिस्टिंगवाल्यांनी त्या पाड्यांवर जाऊन कोणाची जमात बदलली आहे ते दाखवून द्यावे.