भाषेला कुळ नसते



इंग्रजी ही थोरामोठ्यांची भाषा, ती आपल्या वाट्याची नव्हे, असा समज आपल्या अनेक घरांत अद्याप आहे. जन्माने कोणी उच्च वा नीच नसतो, हे आपण धम्मदीक्षेबरोबर स्वीकारले. तोच न्याय भाषेला लावून पाहा.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर सुमारे तीन शतके तेथील दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच होती. इंग्रजी ही राबणाऱ्यांची बोली समजली जाई. त्याची खूण शब्दांत आजही आहे. मेंढरे राखणाऱ्याचा ‘शीप’ हा शब्द अस्सल इंग्रजी. त्यांचे मांस खाणाऱ्या धन्याचा ‘मटन’ हा शब्द फ्रेंच. ‘कोर्ट’ व ‘जज्ज’ हेही फ्रेंचमधूनच आले. लोकांना फ्रेंच कळत नाही म्हणून १३६२ साली न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत करावा, असा कायदा झाला. आणि तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता!

पिंगळीच्या वाचकास याचे नवल वाटू नये. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. रयत मराठी बोले, अदालत उर्दू बोले. ज्याला कागद वाचता येत नसे, त्याने दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून अंगठा उठवावा, हीच रीत.

बुद्धवचन वैदिक छंदांत घालण्याची परवानगी दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खूंनी मागितली, तेव्हा भगवान बुद्धांनी ती नाकारली व आपापल्या भाषेत धम्म शिकण्यास अनुज्ञा दिली, असे विनयपिटकातील चुल्लवग्ग सांगतो. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. एका भाषेसाठी त्यांनी दुसरी टाकली नाही.

आता हक्काची गोष्ट. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९५६ साली ‘शीख’ हा शब्द आला. ‘बौद्ध’ हा शब्द येण्यास १९९० साल उजाडले. त्या एका शब्दावाचून धर्मांतरितांना चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींना मुकावे लागले. कायद्यातील शब्दाचे मोल एवढे असते, आणि आपल्या उच्च न्यायालयाचे व सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीत चालते.

न्याय लोकांच्या भाषेत मिळाला पाहिजे, ही मागणी आपण केलीच पाहिजे. परंतु ती मान्य होईपर्यंत स्वस्थ बसणे आपणांस परवडणारे नाही. घरी मराठी अभिमानाने बोला. वंदनेतील पाली गाथा अर्थासह म्हणा. आणि मुलांना, त्यांहूनही मुलींना, कायद्याचे कलम स्वतः वाचता येईल इतके इंग्रजी शिकवा. कोणताही कागद समजल्यावाचून त्यावर सही करू नका. राबणाऱ्यांची एक बोली न्यायासनापर्यंत पोहोचली. राबणाऱ्यांच्या मुलांनीही तेथे पोहोचले पाहिजे.

जयभीम!