सुधारणा मोजायची की जन्मावरून ठरवायची?

बलात्काराची एखादी घटना गाजली की दोनच मागण्या कानावर येतात. फाशी द्या, नाही तर गोळ्या घाला. पण बहुतेक गुन्हेगार शिक्षा भोगून एक दिवस बाहेर येतात. तेव्हा ते पुन्हा तेच करतील की नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्ही तो विचारतो, कारण ज्या वस्तीत, ज्या शेतशिवारात ते परततात तिथे आमच्या आयाबहिणी राबत असतात.

इंग्लंडने हा प्रश्न विचारला. इंग्लंड व वेल्सच्या तुरुंगांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून लैंगिक गुन्हेगारांसाठी उपचार कार्यक्रम चालत होता. कैद्यांना गटात बसवायचे, गुन्ह्याविषयी बोलते करायचे, पीडितेच्या यातनांची जाणीव करून द्यायची, अशी त्याची रीत. कार्यक्रमाचे नाव झाले, इतर देशांनी त्याकडे आदर्श म्हणून पाहिले. मग तिथल्या न्याय मंत्रालयाने हिशेब मांडला. २००० ते २०१२ या काळात सुटलेल्यांपैकी उपचार घेतलेले २,५६२ आणि न घेतलेले १३,२१९ पुरुष घेऊन त्यांचा सरासरी आठ वर्षांचा माग काढला. उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, न घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी. दोन्ही गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून काही फरक लपून राहिले असतील, हा आक्षेप रास्त आहे. तरीही कार्यक्रमाने गुन्हे घटले असे कोणाला म्हणता येईना. सरकारने तो मार्च २०१७ मध्ये बंद केला आणि जूनमध्ये आपल्याच अपयशाचा अहवाल जगापुढे ठेवला.

मग उपचार म्हणजे थोतांड समजायचे काय? तसे नाही. २०१९ साली संशोधकांनी अनेक देशांतील ७० अभ्यास एकत्र तपासले. लैंगिक गुन्हेगारांमध्ये पुन्हा तोच गुन्हा करणारे उपचाराविना १४.१ टक्के होते, उपचारानंतर ९.५ टक्के. जिथे पात्र मानसशास्त्रज्ञ सतत हजर होता आणि उपचार करणाऱ्यांवर जाणकारांची देखरेख होती, तिथे परिणाम अधिक चांगला दिसला. तात्पर्य एवढेच की उपचार जादू नव्हे. तो कोण करतो, कसा करतो आणि त्याचा हिशेब ठेवला जातो की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

आता आपल्याकडे पाहा. न्या. वर्मा समितीने २०१३ साली बलात्कारासाठी फाशी नाकारली आणि औषधाने नपुंसक करण्याची कल्पनाही नाकारली. तरी २०१८ साली बारा वर्षांखालील मुलींवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद झाली. त्याच वर्षी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवहीही सुरू झाली. २०१९ मध्ये हैदराबादला चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, लोकांनी फुले उधळली. २०२२ साली सिरपूरकर आयोगाने पोलिसांची कहाणी खोटी ठरवली. नोंदवही आली, फाशी आली, गोळी आली. पण कायद्याने बंधनकारक, परिणाम मोजणारा देशव्यापी उपचार कार्यक्रम मात्र आला नाही.

मग कैदी सुधारला हे ठरते कशावरून? बिल्किस बानो प्रकरणात ते देशाने पाहिले. सामूहिक बलात्कार आणि हत्याकांडात जन्मठेप झालेल्या अकरा जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले. सुटकेची शिफारस करणाऱ्या समितीतले गोध्र्याचे आमदार म्हणाले की ते ब्राह्मण आहेत, त्यांचे संस्कार चांगले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ही सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला, म्हणून शिक्षामाफीचा अधिकार गुजरातचा नसून महाराष्ट्राचा, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे हा प्रश्न आता आपल्याच सरकारच्या दारात आहे.

जातीवरून दंड आणि जातीवरून माफी, हा मनुस्मृतीचा न्याय. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, पण त्याचे तर्कशास्त्र तुरुंगाच्या कार्यालयात अजून जिवंत आहे. गरिबाला गोळी आणि उच्चवर्णीयाला संस्काराचे प्रशस्तिपत्र! खैरलांजीत तर जातीय अत्याचाराचा कायदाच लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. जिथे गुन्ह्यातली जात दिसत नाही, तिथे सुधारणेतली जात कशी दिसणार?

काही कार्यकर्ते म्हणतील, बलात्कार हा आजार नाही, ती जातीची आणि पुरुषी सत्तेची मस्ती आहे. तिथे मानसोपचार काय करणार? म्हणणे खरे आहे. दलित स्त्रीवरचा अत्याचार गावाला धडा शिकवण्यासाठी होतो, त्यावर एकट्या कैद्याचा उपचार पुरणार नाही. पण म्हणून उपचार सोडून द्यायचा नाही, तो जातीपर्यंत न्यायचा. ‘ती आपल्याला वापरता येते’ ही समजूत कैद्याच्या डोक्यात कुठून आली, हे त्याला बोलायला लावणारा उपचार हवा.

माणूस बदलू शकतो, यावर आमचा विश्वास आहे. अंगुलिमालाला तथागतांनी बदलले. पण भिक्षू झाल्यावरही लोकांनी मारलेले दगड त्याने सोसले. बदल म्हणजे कर्माच्या परिणामांतून सुटका नव्हे. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उपचार शिक्षेसोबत हवा, शिक्षेऐवजी नको. तो पात्र मानसशास्त्रज्ञांनी करावा. त्याचे परिणाम वर्षानुवर्षे मोजून जाहीर व्हावेत, फसला तर तेही सांगावे. आणि पीडितेचे म्हणणे ऐकल्याशिवाय, तिच्या संरक्षणाची हमी दिल्याशिवाय कोणालाही मुदतीआधी सोडू नये. चळवळीने प्रत्येक मोर्चात फाशीच्या घोषणेबरोबर हा हिशेबही मागितला पाहिजे. संस्कार जन्माने येत नाहीत, हे बाबासाहेबांच्या अनुयायांनी नाही सांगायचे तर कोणी सांगायचे?