जुन्या प्रश्नपत्रिकांचं करायचं काय?

लातूर-नांदेडच्या मुलांना जुन्या प्रश्नपत्रिकांचं महत्त्व सांगायला नको. नव्वदच्या दशकात ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं झळकू लागली, त्यामागे सराव परीक्षांचा मोठा वाटा होता. पेपर सोडवायचा, तपासून घ्यायचा, पुन्हा सोडवायचा! हीच सवय घेऊन तुमच्यापैकी कुणी प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेकडे वळला तर? सवय कामाला येईल, पण थोडी बदलावी लागेल.

बोर्डाच्या पेपरात तोच प्रश्न नुसते आकडे बदलून येऊ शकतो. इथे तसं होत नाही. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाड १९८९ मध्ये बल्गेरियात सुरू झालं; भारत त्यात २००२ पासून उतरला. दोन दिवस, रोज पाच तास, आणि प्रश्न किती? रोज तीन! तिथे पाठ केलेलं उत्तर काय कामाचं?

मग जुने प्रश्न सोडवायचे कशाला? एक गंमत बघा. समजा, एका गावात १, ३ आणि ४ रुपयांचीच नाणी आहेत. कमीत कमी नाण्यांत ६ रुपये द्यायचेत. तुम्ही म्हणाल, आधी सगळ्यात मोठं नाणं घ्या. ४, मग १, मग १. झाली तीन नाणी. पण ३ आणि ३ दिले तर दोनच पुरतात की! म्हणजे घाई नडली. त्यापेक्षा १ रुपयापासून तक्ता करा. १ ला एक नाणं, २ ला दोन, ३ ला एक, ४ ला एक. आता ५ साठी मागे बघायचं: शेवटचं नाणं १ चं असेल तर आधीचे ४, ३ चं असेल तर आधीचे २, ४ चं असेल तर आधीचा १. यातलं सर्वांत लहान उत्तर घ्या, त्यात एक मिळवा. आले दोन. ६ लाही असेच दोन.

आता दुसरा प्रश्न: एका उडीत १, ३ किंवा ४ पायऱ्या चढता येतात, सहावी पायरी कमीत कमी किती उड्यांत? गोष्ट निराळी, तक्ता तोच! हे ओळखता यावं म्हणून जुने प्रश्न.

घरी संगणक नाही? अडत नाही. आपल्याकडच्या झोनल इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडचे प्रश्न कागद-पेन्सिलीने सोडवायचे असतात. एकेका प्रश्नाला तीन उपप्रश्न, आणि पुढचे अधिक किचकट. पहिला अंदाजाने सुटतो, तिसऱ्याला रीतच लागते. याच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयार्क्स या संस्थेने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत.

सोडवताना मात्र उत्तर लगेच उघडू नका. तासभर तरी झगडा. नाहीच सुटलं तर उत्तर वाचा, मिटा, आणि न बघता स्वतः लिहा. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा घ्या. (आणि आई-बाबा, ‘आज किती प्रश्न झाले?’ असं कृपा करून विचारू नका. एका प्रश्नात अख्खी संध्याकाळ गेली तरी ती फुकट गेली नाही.)

चला, आता पेन्सिल उचला. नाणी १, ५ आणि ७ रुपयांची. द्यायचेत १७ रुपये. मोठ्या नाण्यापासून सुरुवात केली तर पाच नाणी लागतात. तक्त्यातून तीन यायला हवीत. नाही आली, तर कुठल्या घरात चुकलं ते शोधा.